गर्भिणी कटिशूल व श्रोणिशूल : निदान, परिहार व उपचार

दसरा उलटला की आर्णी तालुक्यात कापसाची वेचणी सुरू होते, आणि वेचणी लागली की आमच्या दवाखान्यात कंबर धरून येणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढते. अरुणावतीच्या दोन्ही काठांवरील गावांतून, तांड्यांतून, पोडांवरून त्या येतात. त्यांत पाचव्या-सहाव्या महिन्यापासून पुढच्या गर्भिणी हमखास असतात. तक्रार बहुधा सासू किंवा आई सांगते आणि ती एका वाक्यात संपते, "डॉक्टरसाहेब, हिची कंबर लय दुखते." पुढे अपेक्षा एवढीच असते की आम्ही एक तेल द्यावे, जमल्यास एक सुई द्यावी, आणि उद्या तिला पुन्हा वावरात जाता यावे.

गर्भिणीची कंबर दुखणे ही इतकी सामान्य गोष्ट आहे की तिच्याविषयी लेख कशाला, असे काही व्यवसायबंधूंना वाटेल. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने या विषयावरील ३४ चाचण्यांचा, म्हणजे ५,१२१ गर्भिणींचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. दोन तृतीयांशांहून अधिक गर्भिणींना कटिशूल आणि सुमारे एक पंचमांश गर्भिणींना श्रोणिशूल होतो, असे त्यात नमूद आहे. बहुसंख्यांना होणारे दुखणे वैद्याच्या कानाला सवयीचे होते, आणि सवय झाली की प्रश्न विचारणे थांबते. आमचेही ते थांबले होते. प्रस्तुत लेखाचे कारण तेच आहे, म्हणून ती हकिकत आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी वेचणीच्या ऐन दिवसांत, दिवेलागणीच्या सुमारास, सातवा महिना सरत आलेली एक प्रथमगर्भा आमच्याकडे आली. दोन दिवसांपासून कंबर दुखत होती. सोबतच्या सासूबाई म्हणाल्या, "राहून-राहून दुखते, मंग थांबते." दवाखान्यात गर्दी होती. नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, पायांवर सूज नाही हे पाहिले. श्रमजन्य वातप्रकोप असे निदान करून अभ्यंगास तेल, बलासिद्ध क्षीर आणि विश्रांती असे लिहून दिले. उदरावर हात ठेवून पाच-दहा मिनिटे थांबलो नाही. त्याच रात्री तिला प्रसूतिवेदना सुरू झाल्या. वाहन मिळवून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत प्रसूती थांबवण्याची, किंवा बाळाची फुप्फुसे पक्व होण्यासाठी मातेला इंजेक्शन देऊन त्याचा परिणाम होऊ देण्याची, वेळ निघून गेली होती. बाळ वाचले, परंतु जवळपास महिनाभर काचेच्या पेटीत राहिले. त्या कुटुंबाने आम्हांला कधी दोष दिला नाही. "राहून-राहून दुखते, मंग थांबते" हे वाक्य आम्ही ऐकले होते आणि तरी ते आमच्यापर्यंत पोहोचले नव्हते, हे मात्र आम्हांस पक्के ठाऊक आहे.

शास्त्रात कटिशूल कोठे कोठे येतो

त्यानंतर आम्ही ग्रंथ पुन्हा उघडले. वैगुण्य ग्रंथांत नव्हते, आमच्या वाचनात होते. सुश्रुताच्या शारीरस्थानातील दहाव्या अध्यायात, गर्भिणीव्याकरणात, प्रसव उपस्थित झाल्याची लक्षणे सांगताना आरंभीच कटी व पृष्ठ यांच्या सभोवार होणारी वेदना सांगितली आहे. त्यापाठोपाठ वारंवार मलप्रवृत्ती, मूत्रस्राव आणि योनिमुखातून श्लेष्मस्राव ही लक्षणे येतात. त्याच अध्यायात पुढे गर्भपात होऊ घातला असता गर्भाशय, कटी, वंक्षण व बस्ती या स्थानी शूल आणि रक्तदर्शन सांगितले आहे. म्हणजे सुश्रुताच्या दृष्टीने गर्भिणीचा कटिशूल ही गर्भ बाहेर येऊ पाहत असल्याची पहिली सूचना असू शकते. आपण मात्र कटिशूल हा शब्द ऐकला की थेट वातव्याधीच्या प्रकरणाकडे जातो, कारण पदवीच्या परीक्षेत तो तेथेच विचारला जातो.

यास्तव गर्भिणीने कंबर दुखते असे सांगितल्यावर पहिला विचार गर्भाचा, दुसरा मूत्रमार्गाचा आणि तिसरा स्नायू-संधींचा, असा क्रम आम्ही स्वतःला लावून घेतला आहे. शंभरांतील बहुतेक रुग्णा तिसऱ्या गटातीलच निघतात. तरीही क्रम बदलत नाही.

रुग्णा समोर असता

वेदना सतत आहे की लाटेसारखी येते व जाते, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय. येत-जात असेल तर दोन वेदनांमधील अंतर घड्याळावर मोजावे, आणि वेदनेच्या वेळी उदर कठीण होते का हे स्वतःचा हात ठेवून पाहावे. सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी दर दहा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर उदर आवळून येत असेल, कंबरेत खाली ओढल्यासारखे वाटत असेल, पाणी किंवा रक्त जात असेल, तर तेलाची बाटली कपाटातच राहू द्यावी. १०२ किंवा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व रुग्णेस प्रसूतीची आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. आर्णीहून यवतमाळ सुमारे चाळीस किलोमीटर आहे. रस्ता आता चांगला झाला आहे, पण तांड्यावरून आर्णीपर्यंत येण्यातच निम्मा वेळ जातो. म्हणून संशय असला तरी पाठवावे. पाठवलेल्या दहांपैकी आठ परत आल्या तरी आम्हांस त्यात कमीपणा वाटत नाही.

यानंतर मूत्रमार्ग. कंबरेच्या एकाच बाजूस, बरगडीखाली, ठणका आहे का? थंडी वाजून ताप आला का? लघवीला जळजळ आहे का? वेचणीच्या दिवसांत हा प्रश्न विशेष अगत्याचा ठरतो. वावरात आडोसा नसतो, सोबत पुरुष मजूर असतात. म्हणून बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत व लघवीही दाबून ठेवतात. चरकाचार्यांनी गर्भास उपघातकर भाव सांगताना वेगावरोध स्पष्टपणे गणला आहे. मूत्रवेगधारणाचे इतके रोकडे उदाहरण पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. गर्भिणीमध्ये मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग वृक्कापर्यंत चढू शकतो आणि त्यातून अकाली प्रसूतीही होऊ शकते. लघवीची तपासणी स्वस्त आहे, ती टाळू नये. ताप व पार्श्वशूल असेल तर ही रुग्णा केवळ गोखरूच्या काढ्यावर ठेवण्याची नव्हे. तिला प्रतिजैविकांची गरज आहे, आणि ती त्याच दिवशी मिळाली पाहिजेत.

पाय बधिर होणे, पायातील बळ जाणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, मांड्यांच्या आतील भागाची संवेदना जाणे ही मणक्यातील नाड्यांवर दाब आल्याची चिन्हे होत. ती क्वचित आढळतात, पण आढळल्यास थांबू नये. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असल्यास किंवा गर्भाची हालचाल कमी झाल्यासही त्वरित पुढे पाठवावे.

कटी आणि श्रोणि : दोन वेगळी दुखणी

हे सारे वगळले गेले की मग आपले क्षेत्र सुरू होते. येथेही एक भेद करावा लागतो, जो आम्ही पूर्वी करीत नव्हतो. बोटाने जागा दाखवण्यास सांगावे. रुग्णेने कंबरेच्या रेषेवर, मणक्याच्या दोहो बाजूंस हात ठेवला आणि वाकल्याने वा फार वेळ उभे राहिल्याने वेदना वाढत असेल, तर तो कटिशूल. तिने हात त्याखाली, नितंबाच्या वरील खळगीजवळ ठेवला, किंवा पुढे जघनास्थींच्या सांध्यावर ठेवला, आणि अंथरुणात कूस बदलताना, पायरी चढताना, एका पायावर उभे राहून सलवार घालताना कळ येत असेल, तर तो श्रोणिशूल.

कारणे एकत्र गुंतलेली असतात. गर्भिणीचे वजन साधारण दहा-बारा किलोने वाढते, भार पुढे सरकतो, कंबरेची कमान खोल होते आणि पाठीच्या स्नायूंवर ताण येतो. त्याच वेळी शरीरातील स्रावांमुळे श्रोणीचे संधिबंध शिथिल होतात. प्रसूतीसाठी ते आवश्यकच आहे, पण त्या शैथिल्यामुळे चालता-वळताना सांधे अधिक हलतात. वाग्भटाचार्यांनी अपानाचे क्षेत्र श्रोणि, बस्ती व ऊरू असे सांगितले आहे, आणि वाढत्या गर्भाचा भार नेमका तेथेच पडतो. अमुक स्राव म्हणजे अमुक दोष, अशी ओढाताणीची समीकरणे मांडण्याची हौस आम्हांस नाही. दोन्ही शास्त्रे एकाच जागेकडे बोट दाखवतात, एवढे चिकित्सेस पुरेसे आहे.

परिहार : वावर, चूल आणि अंथरूण

चरकाचार्यांनी गर्भिणीस उत्कट, विषम व कठीण आसनांचा, तसेच दारुण श्रमांचा निषेध केला आहे. हे वाचताना आमच्या डोळ्यांसमोर चुलीपुढे उकिडवी बसलेली, नदीवर धुणे आपटणारी आणि कमरेला कापसाची ओटी बांधून वाकलेली स्त्री उभी राहते. ओटीत पाच-सात किलो कापूस साठेपर्यंत ती रिकामी होत नाही, आणि तो सारा भार गर्भाच्या भाराच्या बाजूनेच, पुढे, लोंबतो. सोयाबीनच्या सोंगणीत तर दिवसभर उठणेच नसते.

अशा स्त्रीस "विश्रांती घ्या" असे सांगून वैद्य मोकळा होतो, रुग्णा मोकळी होत नाही. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. ती घरी बसली तर त्या दिवशीचे किराणा-तेल अडते. म्हणून सल्ला तिच्या दिवसात बसेल असा असावा आणि तो तिच्या एकटीला न देता सोबतच्या सासूबाईंना किंवा नवऱ्यालाही द्यावा. ओटी निम्मी भरताच दुसऱ्या कोणी ती रिकामी करून आणावी. गर्भिणीने झाडाची वरची व मधली बोंडे वेचावी, खालची दुसरीस सोडावी. तासाभराने सरळ उभे राहून चार पावले चालावे. गाठोडे डोक्यावर घेऊ नये, पाण्याची घागर एका कुशीवर घेऊ नये, थोरले मूल कडेवर घेऊ नये. खालची वस्तू उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यांतून वाकावे. पाणी प्यावे, आणि बायकांनी मिळून तुरीच्या ओळीआड लघवीची सोय ठरवावी. हे शेवटचे वाक्य लाजेचे वाटते म्हणून डॉक्टर बोलत नाहीत. आमच्याकडे ते आता आमच्या परिचारिका ताई बोलतात, आणि त्याचा उपयोग होतो. आठव्या महिन्यापासून वाकण्याचे काम पूर्ण बंद करावे, याविषयी मात्र आम्ही तडजोड करीत नाही.

घरी चुलीपुढे उकिडवे न बसता उंच पाटावर, पाठीस भिंतीचा टेका घेऊन बसावे. निजताना कुशीवर, शक्यतो डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये घडी केलेली वाकळ ठेवून निजावे. उठताना आधी कुशीवर वळून, दोन्ही पाय एकत्र खाली सोडून, हाताच्या आधाराने उठावे. श्रोणिशूल असणाऱ्या स्त्रीस तर या एका गोष्टीने पहिल्याच रात्री फरक जाणवतो. तिने ऑटोत चढता-उतरताना दोन्ही पाय जोडून वळावे, कपडे बसून बदलावे, पायरी एकेक करून चढावी.

व्यायामाविषयी एक गैरसमज दूर करावयास हवा. "दिवसभर राबतेच, तिला व्यायाम कशाला?" असे घरचे विचारतात. वाकून केलेले श्रम पाठीस थकवतात, व्यायाम तिला आधार देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली गर्भिणीसेवेविषयी केलेल्या शिफारशींत कटिशूल व श्रोणिशूल टाळण्यासाठी गर्भारपणात नियमित व्यायाम सुचवला आहे. वर उल्लेखिलेल्या आढाव्यातही व्यायामाने कटिशूल कमी होऊ शकतो असे आढळले. केवळ श्रोणिशूलाविषयीचा पुरावा मात्र दुबळा आहे. आम्ही तीनच गोष्टी शिकवतो. हात-गुडघ्यांवर येऊन पाठ हळू वर उचलणे व पूर्वपदावर आणणे, म्हणजे मार्जारासनाचा सौम्य प्रकार. भिंतीस पाठ लावून कंबरेची पोकळी भिंतीकडे दाबणे. आणि लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात ते आवळणे-सोडणे, पण हे लघवी करताना नव्हे. प्रत्येकी आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा. याखेरीज सायंकाळी सपाट रस्त्यावर थोडे चालणे. रक्तस्राव, वार खाली असणे, गर्भाशयमुखास टाका किंवा अकाली वेदनांचा पूर्वेतिहास असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याखेरीज हेही सांगू नये.

कंबरेखाली, पोटाच्या खालून श्रोणीभोवती बांधायचा पट्टा काही स्त्रियांना आराम देतो. विकतचा परवडत नसल्यास जुन्या सुती साडीची रुंद पट्टी चालते. तो पोटावर आवळू नये आणि रात्री सोडावा.

औषधी : काय द्यावे, त्याआधी काय देऊ नये

नेहमीच्या कटिशूलात आपण सवयीने जे लिहितो, त्यातील बहुतेक गर्भिणीस वर्ज्य आहे. योगराजादी गुग्गुळकल्प देऊ नयेत. वत्सनाभयुक्त व कज्जलीयुक्त रसकल्प देऊ नयेत. एरंडस्नेह हा कटिशूलावर उत्तम खरा, परंतु त्याच्या विरेचनाने गर्भाशयाचे आकुंचन सुरू होऊ शकते. मलावष्टंभासाठी हरीतकी हाताशी येते, पण भावमिश्रांनी गर्भवतीस हरीतकी निषिद्ध सांगितली आहे. दुसऱ्या बाजूस, अनेक ठिकाणी डायक्लोफेनॅकची सुई सर्रास दिली जाते. विसाव्या आठवड्यानंतर या वर्गातील औषधांनी गर्भाच्या वृक्कांवर परिणाम होऊन गर्भोदक कमी होऊ शकते, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली दिली. तिसाव्या आठवड्याच्या सुमारास व नंतर गर्भाच्या हृदयाजवळील रक्तवाहिनी अकाली बंद होण्याचाही धोका असतो. बाजारातील झोंबणाऱ्या वेदनाशामक मलमांत गंधपुऱ्याच्या तेलाचा अंश असतो, तीही पाठभर चोळू नयेत. वेदना असह्य असेल तर पॅरासिटामॉल, योग्य मात्रेत व थोडे दिवस, हा त्यातल्या त्यात निर्धोक मार्ग आहे. ते लिहिण्यात आयुर्वेदाचा अपमान होतो असे आम्हांस वाटत नाही.

उरते ते थोडे, पण उपयोगाचे. कोमट तिळतेल किंवा क्षीरबला तेल कटी, पृष्ठ व ऊरूंवर हलक्या हाताने जिरवावे. मर्दन नव्हे. काही गावांत पाठीवर पाय देऊन दाबण्याची किंवा पोट "सरळ" करण्याची रीत आहे, ती निक्षून थांबवावी. त्यानंतर कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीने दहा-पंधरा मिनिटे केवळ पाठीस शेक द्यावा, पोटास नव्हे. सर्वांगस्वेद वर्ज्य. तापलेल्या विटेच्या शेकाने पाठ भाजलेल्या दोन गर्भिणी आम्ही पाहिल्या आहेत.

आभ्यंतर उपचारांत आमचा भर मासानुमासिक पथ्यातील दूध-तुपावर व बलेवर असतो. बलामूळ, ज्यास आपल्याकडे चिकणा म्हणतात, १० ग्रॅम, दूध ८० मिलीलिटर व पाणी ३२० मिलीलिटर असे घेऊन दूध शेष राहीपर्यंत आटवावे आणि सकाळी द्यावे. चिकणा ओळखीचा व स्वच्छ असावा. रस्त्याकडेचा, फवारणीच्या धुऱ्यावरचा घेऊ नये. याने आराम पडतो हा आमचा अनुभव आहे, मोजून सिद्ध केलेले सत्य म्हणून आम्ही तो मांडत नाही. सहाव्या महिन्यात सुश्रुताचार्यांनी सांगितलेले गोक्षुरसिद्ध घृत किंवा यवागू मूत्रप्रवृत्ती मंद असणाऱ्या स्त्रीस योजावी. शासकीय केंद्रातून मिळणाऱ्या लोह व कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू नयेत. लोहाने मल घट्ट होतो व त्यामुळे कंबरेची कळ वाढते, म्हणून रुग्णा त्या परस्पर सोडते. तिला भिजवलेल्या मनुका, दुधातून तूप आणि पुरेसे पाणी द्यावे. गोळी चालू राहते.

आठव्या व नवव्या महिन्यातील बस्ती व योनिपिचू यांविषयी मतभेद आहेत. सुश्रुताचार्यांनी आठव्या महिन्यात आस्थापन व त्यानंतर अनुवासन, तर चरकाचार्यांनी नवव्या महिन्यात मधुरौषधसिद्ध तैलाचे अनुवासन व त्याच तैलाचा पिचू सांगितला आहे. त्याचे फल सांगताना कुक्षी, कटी, पार्श्व व पृष्ठ मृदू होतात असे म्हटले आहे. आम्ही स्वतः आठव्या महिन्यात आस्थापन देत नाही, कारण खेड्यातील दवाखान्यात त्याचा उपद्रव सांभाळण्याची सोय नाही. सदतीस आठवडे पूर्ण झाल्यावर, सोनोग्राफीत वार वर असल्याची खात्री करून, स्राव किंवा योनिगत संसर्ग नसताना, प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना कळवून अल्प मात्रेचे अनुवासन निवडक स्त्रियांत देतो. पिचूसाठी निर्जंतुक कापूस व नव्याने सिद्ध केलेले तेल नसेल तर तो न ठेवणेच बरे.

दर महिन्याच्या ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाअंतर्गत शासकीय केंद्रांत तज्ज्ञांकडून विनामूल्य तपासणी होते. २०१६ पासून हे अभियान चालू आहे. कंबरदुखीसाठी आलेल्या प्रत्येक गर्भिणीस आम्ही ती तारीख चिठ्ठीवर लिहून देतो. आमच्या केसपेपरवर गर्भिणीसाठी आता एक छापील ओळ आहे : वेदना सतत / येत-जात, उदरावर हात ठेवून पाहिले — किती मिनिटे. गर्दीच्या दिवशी ती ओळ रिकामी राहिली तर औषध देणारा आमचा सहायक केसपेपर परत आणून टेबलावर ठेवतो. मागील वेचणीच्या हंगामात त्याने तो दोनदा परत आणला.